भागवतची हवा

५ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. टीम लीड झाल्यावर लोक विचारतील, सुरुवात कशी झाली, तेव्हा हाताशी काहीतरी असावं.
नागपूरच्या कंपनीसाठी मी खामगावात घरी बसून खाणींची हवा बघतो. म्हणजे जमिनीखाली पंखा कुठं लावला तर वारा कुठून कसा फिरेल, ते सॉफ्टवेअरमध्ये आधीच दाखवायचं. आता नवी खाण आलीय. आत सभामंडपाएवढाली दालनं. या कामाचा लीड मीच, सरांनी तसं जवळजवळ कबूलच केलंय. म्हणाले, बघू.

६ मे
लीड ठरवायला सरांनी मॉडेलं मागवलीत. दोघांकडून! दुसरा कोण, तर देऊळघाटचा भागवत. काल-परवा नोकरीला लागलेलं पोरगं. ऑफिसात सध्या त्याचीच हवा आहे. मला काही वाटत नाही. जेवण गेलं नाही ते उन्हामुळे.

८ मे
मॉडेल तयार. दालन म्हणजे काय हो, रुंद बोगदाच. तसंच टाकलं. स्क्रीनवर सगळं हिरवंगार, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात हवा. सॉफ्टवेअरसुद्धा माणूस ओळखतं.
भागवतला सहज फोन केला. म्हणे भाऊ, माझं काही जमून नाही राह्यलं, एवढ्या मोठ्या दालनात हवा जाते कुठं तेच समजून नाही राह्यलं. फार वाईट वाटलं. वंदनाला दोनदा सांगितलं. बायको म्हणजे बायकोच, म्हणे मंग हसून काऊन राह्यले?

१० मे
संकल्प: मत्सर सोडणे. उद्या भागवतला जेवायला बोलावलंय. मन मोठं लागतं याला. शिवाय त्याचं मॉडेल कुठवर आलं तेही कळेल.

११ मे, रविवार, दुपारी
भागवत आला. आंबे घेऊन. वंदना म्हणे किती गुणाचं पोरगं आहे. इतक्या वर्षांत मला एकदा म्हटलं नाही.
ऊन मी म्हणत होतं. आमचा हॉल मोठा. एका बाजूच्या खिडकीत कूलर, बरोबर समोर दार. मधे बसलं तर गारठा, कपाटाच्या कोपऱ्यात बसलं तर जीव जातो. भागवतला कपाटाजवळ बसवलं. पाहुण्याला ऐसपैस जागा द्यावी.
घामानं नुसता डबडबला. वंदना म्हणे इकडं सरका भाऊ. मी म्हटलं राहू दे, तिथंच बरा आहे तो. तो आमरस सोडून येड्यासारखा कूलरकडे बघे, मग दाराकडे. मग रुमाल हवेत धरून बसला. रुमाल हलेना. ऊन डोक्यात गेलं असावं बिचाऱ्याच्या. मी तीन वाट्या रस चापला. मॉडेलबद्दल विचारायचंच राहिलं.

१५ मे
व्हिडिओ मीटिंग. आधी मी. सर म्हणाले, छान. शब्द लहान, पण सूर वेगळा होता.
मग भागवत. म्हणे मोठ्या दालनात हवा बोगद्यासारखी भरून वाहत नाही. धार धरून सरळ या तोंडातून शिरते न् त्या तोंडातून निघून जाते. कोपऱ्यातला सुरुंगाचा धूर कोपऱ्यातच. तिथं माणूस असला तर गुदमरेल. सर माझ्या हिरव्या कोपऱ्यांकडे बघत बसले. उदाहरणादाखल त्यानं एका घराचा नकाशा दाखवला. खिडकी, दार, कपाट. कपाट ओळखीचं वाटलं.

१६ मे
लीड भागवत. मी त्याच्या हाताखाली. पहिलं काम: माझे कोपरे दुरुस्त करणे.
राजीनामा लिहिला. स्पेलिंगची खात्री नाही म्हणून पाठवला नाही. जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं. कोण वाचतंय!

१७ मे
भागवतचा फोन. माझे हात पिठाचे होते म्हणून वंदनानं स्पीकरवर घेतला, माझ्यापुढं धरला. पोरगं म्हणे भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? वहिनी सरका म्हणून राह्यल्या होत्या तरी तुम्ही सरकू नाही दिलं, तवाच समजलो, भाऊ मले शिकवून राह्यले. सरांलेबी सांगितलं म्हणे, भाऊनं मले मुद्दाम त्या कोपऱ्यात बसोलं.
वंदना माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, हो, मुद्दामच.