कुंडी क्रमांक सतरा आणि एक लाल शेरा

दिनांक ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी माझ्या नोंदवहीत सतराव्या कुंडीतल्या रोपापुढे लाल शाईने शेरा मारला: 'पूर्ण वंध्य. उपटून टाकावे.' या गृहस्थांना पेशी रंगवायला मीच शिकवले होते. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. पण ते ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वय चौऱ्याहत्तर, त्याच विभागातील निवृत्त प्रयोगशाळा सहायक; निवृत्तीनंतरही तिथे बिनपगारी काम करत होते. मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. माझ्या दडपणाखाली मात्र पुष्कळ जण आहेत. हे माझे अखेरचे मृत्युपत्र. आधीची दोन रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक भाचीला. ती म्हणते, "मावशी, मरायच्या गोष्टी नको गं." मग काय, कुलूप फोडून घ्यायचे आहे का?

२. आरामखुर्ची धाकट्या दिरांना. "वहिनी, शेंगांची लग्नं लावून पोट भरतं का हो?" असे ते तीस वर्षे त्याच खुर्चीत बसून विचारत आले. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. तो दुरुस्त करून देऊ नये.

३. आता मुख्य मिळकत: डब्यातील एकेचाळीस बिया.

सतराव्या कुंडीत साधा घेवडा आणि त्याचा तांबड्या फुलांचा, वेल होणारा भाऊबंद यांचा संकर होता. पेशीत गुणसूत्रे बावीस: अकरा आईकडची, अकरा बापाकडची. बहुतेकांच्या जोड्या जमतात. दोन-तीन मात्र लग्नघरातल्या रुसलेल्या आत्यांसारखी मागे रेंगाळतात. वाटणी विषम होते आणि परागकण पोचट निघतात. प्रमुखांनी तेवढे पोचट कण मोजले आणि निकाल लावला. बीजांडे तपासलीच नाहीत! रोप बाप म्हणून नालायक होते, आई म्हणून नव्हते. मी त्याच्या फुलांवर साध्या घेवड्याचे पराग लावले होते. हे त्याच पानावर, शेऱ्याच्या चार ओळी वर लिहिले आहे.

रोप उपटताना विभागाच्या माळीबुवांनी एक शेंग खिशात टाकली. संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "बाई, भरलीय हो. फेकू कशी?" आत चार बिया होत्या. त्यांचा वंश मी गच्चीत वाढवला. गेल्या वर्षी मूळकुजीच्या मातीत साधा घेवडा साफ बसला. यांची तेरापैकी नऊ रोपे उभी राहिली.

या बिया व माझा सूक्ष्मदर्शक विभागाला मिळावेत, एका अटीवर. कॉन्व्हेंटमध्ये मदरनी शिकवले होते की चूक खोडताना एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर बरोबर शब्द लिहून सही करायची. प्रमुखांनी त्या शेऱ्याचे तसेच करावे. पान फाडल्यास अट मोडली. अट मोडल्यास बिया व सूक्ष्मदर्शक दोन्ही माळीबुवांना.

साक्षीदार: (१) खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई, (२) दाखला देणारे डॉक्टर. माळीबुवांना लाभ होऊ शकतो म्हणून ते साक्षीदार नाहीत. ते बाहेर झाडांना पाणी घालत आहेत.

स्थळ: राहते घर. दिनांक ३ जून २०२४.
(सही)

प्रत: विभागप्रमुख. माझ्या मरणाची वाट पाहू नये. एक जुलैला पेरणी आहे, आणि बी जुने झाले की उगवत नाही. खोडलेल्या पानाची प्रत व लेखी उत्तर २८ जून, सायंकाळी पाचपर्यंत पोचावे. फोन करू नये. मी उचलणार नाही.