पिवळी लाइट

२० जानेवारी, सोमवार

पुन्हा लागली! तीच पिवळी लाइट, इंजिनाच्या चित्राची. आणि लागली कुठे, तर पारगावच्या पुलावर. नवा सेन्सर टाकून अजून महिनासुद्धा झाला नाही. आधी कार ठसका लागल्यासारखं करायला लागली, मग वेग कमी केला तर बंदच! खाली भीमा, मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढीना. शेवटी एकदाची सुरू झाली.

नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात पेट्रोल संपून चौफुल्याच्या पुढे हायवेवर उभी राहिले होते, तेव्हासुद्धा एवढी घाबरले नव्हते. तेव्हा चूक माझी होती. पेट्रोलची, पंपाच्या चित्राची पिवळी लाइट लागलेली दिसत असून मी तशीच रेटली होती. घरी येऊन सगळ्यांना हसत हसत सांगितलंही होतं. आज घरी काही सांगावंसं वाटलं नाही.

कुरकुंभला कंपनीत पोचले तर सकाळची पाळी कधीच सुरू झालेली. आमच्या लॅबप्रमुख तेजश्री मॅडम काचेतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी

बोलल्या! "सविता, मार्चअखेर कायम करायच्यांची यादी जाते. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळची पाळी सकाळी सुरू होते." वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत. पण चूक काय बोलल्या?

कंपनीची बस दौंडहून सुटते. आमच्या न्हावऱ्याच्या वस्तीवरून एवढ्या सकाळी एसटी नाही. म्हणजे गाडी आहे तर नोकरी आहे, एवढा सरळ हिशेब. एमएस्सी केमिस्ट्री करून कंत्राटावर किती दिवस काढायचे? यादीत नाव आलं नाही तर घरात तोंडावर कुणी काही म्हणणार नाही. पण मनात म्हणतील — बरं झालं, बसेल आता घरी. मला तेच नको आहे.

२६ जानेवारी, रविवार

शिरूरला मच्छिंद्रच्या गॅरेजवर. त्याने मशीन जोडलं, बघितलं, मान हलवली. "ताई, त्येच हाय. ऑक्सिजन सेन्सर." सायलेन्सरच्या नळीत बोटाएवढा तुकडा असतो. तो धूर हुंगतो आणि इंजिनाला सांगतो — पेट्रोल कमी कर, वाढव. तो खोटं सांगायला लागला की गाडी वेड्यासारखी करते. "मागल्या टायमाला लोकल टाकला व्हता. आता वरिजनल टाकू." टाक बाबा!

मग म्हणाला, "पेट्रोल लय पीत असंल गाडी?" मी म्हटलं, नाही, उलट पुरतंय! काटा खाली यायचं नावच घेत नाही. "मग काटाबी गेला आसंल." झालं! जुनी गाडी म्हणजे एक झाकायला जावं तर दुसरं उघडं पडतं. घरी नवऱ्याला, गोकुळला, सांगितलं तर तो हसला. मला नाही हसू आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागतेय.

पण आप्पा! रोज सकाळी मी गाडी गरम करायला लावते, तेव्हा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असतात. रोज एकच प्रश्न — "लागली का गं लाइट?" नाही म्हटलं की मान डोलवायची आणि तंबाखू तोंडात. सासरे आहेत म्हणून गप्प बसते. पण जणू ती लागायचीच वाट बघतायत! मी नोकरी धरली तेव्हा घरात एवढी चर्चा झाली, आणि आप्पा दोनच शब्द बोलले होते. "लांब पडतं." त्यानंतर हो नाही की नाही नाही.

११ फेब्रुवारी

लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाडी घरीच ठेवली. गोकुळने मोटारसायकलवर चौफुल्यापर्यंत सोडलं. तिथून वडापची जीप. थंडीने दात वाजत होते. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना तो वैतागून ओरडला, "आज कांद्यावर फवारा हाय, माणसं यायच्यात, आन् मी हितं!" वेळेवर पोचले. पण असं किती दिवस चालणार? गोकुळ वाईट नाही. पण रोज हे करायला लागलं की तोही एक दिवस म्हणेल — सोड ना.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मच्छिंद्रला सोडलंच नाही. म्हटलं, नुसता सेन्सर बदलू नकोस, मरतो कशाने ते शोध. त्याने वायरी तपासल्या — उंदराने कुरतडल्यात का ते. नाही. नळीला चीर आहे का ते पाहिलं. नाही. मग सेन्सर काढला आणि उलटसुलट करून बघायला लागला.

टोक पांढरं! चुना लावल्यासारखं. "काळं असतं तर समाजलो असतो," म्हणाला. "धुरात ऱ्हानारी वस्तू पांढरी कशी?"

मी ती भुकटी खरवडून कागदाच्या पुडीत घेतली. तो बघतच राहिला. मग नवा सेन्सर बसवून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये पाहिलं. ॲसिडमध्ये विरघळत नाही. कितीही तापवा, जळत नाही. वाळूचंच भावंड! म्हणजे इंजिनात सिलिकॉन जातंय, जळतंय आणि सेन्सरवर पांढरा थर बसतोय. जाणार कुठून? पेट्रोलमधूनच. पण पंपाचं पेट्रोल खराब म्हणावं तर अख्ख्या गावाच्या गाड्या तिथे भरतात, त्या धडधडीत चालतायत.

मग फक्त माझ्याच टाकीत कोण काय घालतंय?

हे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय. टाकीचं झाकण आतला खटका ओढला की उघडतं. वस्तीवर गाडीला कुलूप कोण लावतं? आजपासून लावणार होते. नाही लावलं. कळू दे तरी.

२ मार्च, रविवार

कळलं.

सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर गाडीच्या मागे आप्पा. टाकीचं झाकण उघडं, त्यात लाल नरसाळं. मला बघून दचकले! नरसाळं काढलं, झाकण लावलं आणि शेडकडे निघून गेले. मनात नुसतं एकच — आप्पा? आप्पा??

दुपारी जेवायला सगळे. कोरेगाव भीमाहून सुवर्णावन्संही आल्या होत्या. ठरवलं होतं, त्या गेल्यावर बोलायचं. तेवढ्यात आप्पांनीच विचारलं, "लाइट लागली का गं?" आणि माझा तोल गेला. "तुम्हीच सांगा ना, आप्पा! माझ्या गाडीत काय टाकता ते! मी रस्त्यात बंद पडावं, नोकरी सुटावी, घरी बसावं — एवढंच ना? मग तोंडावर सांगायचं होतं!"

गोकुळ ओरडला, "ये! काय बोलतीस कळतं का?" वन्संच्या हातातला घास हातातच. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग ताटातच हात धुतला आणि उठले.

३ मार्च

आप्पा वन्संबरोबर कोरेगावला गेले. पिशवीत दोन धोतरं. गोकुळ माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे! मी डोळ्यांनी पाहिलंय. टाकी रिकामी करून घेतली, धुऊन घेतली, सेन्सर पुन्हा नवा.

१० मार्च, सोमवार

लाइट नाही. ठसका नाही. पारगावच्या पुलावरून गाणं गुणगुणत गेले. म्हणजे मी बरोबरच होते! आप्पा गेले आणि गाडी सुधारली. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो?

काटाही सुधारला वाटतं. आता झरझर खाली येतो. या आठवड्यात दोनदा पेट्रोल भरावं लागलं.

ओटा सकाळी रिकामा असतो. सवय नाही, एवढंच.

१६ मार्च, रविवार

आज सगळं लिहून काढते.

कांद्याची शेवटची फवारणी. एक गडी आला नाही म्हणून गोकुळने मला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "शेडमदनं नरसाळं आन." खिळ्याला तेच लाल नरसाळं. उचललं तर पेट्रोलचा वास. मी विचारलं, याला पेट्रोलचा वास कसा? "आप्पांचं हाय त्ये. सगळ्याला त्येच वापरतेत." आणि त्याने नरसाळं पिंपात धरून स्टिकरची बाटली ओतली. कांद्याची पात मेणचट, औषध घरंगळून जातं, म्हणून सगळेच फवाऱ्यात स्टिकर घालतात. पातीला औषध चिकटवणारं पातळ तेलकट पाणी. वर्षानुवर्षं घरात आहे. मी कधी लेबल वाचलं नव्हतं. आज वाचलं.

सिलिकॉन.

दर फवाऱ्याला याच नरसाळ्यातून स्टिकर. आणि त्याच नरसाळ्यातून माझ्या टाकीत... काय? तेवढ्यात गोकुळने फवारणीच्या इंजिनाचा पेट्रोलचा कॅन उचलला आणि म्हणाला, "आरं! ह्यो भरल्यालाच! आप्पा हुते तवा दर आठवड्याला रिकामा व्हायचा. मला वाटायचं इंजिनच पितंय."

मी तिथेच बांधावर बसले. काटा! काटा कधी बिघडलाच नव्हता. सेन्सर गेला की गाडी पेट्रोल जास्त पिते, मच्छिंद्रने सांगितलं होतं. तरी माझं पुरत होतं. पुरत होतं, कारण आप्पा भरत होते! पहिल्या आठवड्यात मी हायवेवर उभी राहिले आणि घरी येऊन हसत सांगितलं. सगळे हसले. आप्पा हसले नव्हते. आता आठवतंय.

आणि मी काय म्हणाले त्यांना? लेकीसमोर? भरल्या ताटावर?

गोकुळला सगळं सांगितलं. तो पंपाच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आदी इचारायचं तरी." मी म्हटलं, विचारलंच होतं ना. "त्याला इचारणं म्हंत्यात व्हय?"

मी खूप रडले. केमिस्ट्री बरोबर आली होती, माणूस चुकला.

२१ मार्च, शुक्रवार

वन्संना फोन. "वैनी, आप्पा फोनवर येत न्हाईत. म्हंत्यात, कांदा काढायला यीन." कांदा काढायला अजून महिना आहे. मी म्हटलं, माझं चुकलं म्हणून सांगा. वन्सं म्हणाल्या, "फोनवर चुकलं म्हनून कसं चालंल? बोलताना समोरासमोर बोलला ना?" बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. पण समोर जायचं तर कुठल्या तोंडाने?

२७ मार्च, गुरुवार

यादी लागली. माझं नाव आहे. कायम! तेजश्री मॅडमनी हात मिळवला. मुली पेढे मागत होत्या.

कुरकुंभवरून पेढे घेतले. घरी आल्यावर आधी ओट्याकडे नजर गेली. पेढ्यांचा पुडा तसाच ठेवलाय, फोडला नाही. गोकुळनेही हात लावला नाही.

२९ मार्च

आज ठरलं. उद्या पाडवा. उद्या घराला आप्पा पाहिजेत. एकटी जाणार. येत नाही म्हणाले तर दारात बसून राहीन.

३० मार्च, पाडवा

कोरेगावला गेले, आप्पांच्या पाया पडले. पेढा पुढे केला आणि म्हटलं, "कायम झाले, आप्पा." त्यांनी पेढा घेतला, अर्धा मला दिला. "चल. गुढी उभारायची ऱ्हायलीय." पिशवी आधीच भरून ठेवलेली होती!

गाडीत पुढे बसले. मी चावी अर्धी फिरवली, तसे नेहमीसारखे सगळे दिवे एकदम लागले. आप्पा पुढे वाकले आणि इंजिनाच्या त्या पिवळ्या चित्रावर बोट ठेवलं.

"ही बग, लागली! म्हंजी पेट्रोल संपाया आलं. तू रस्त्यात हुबी ऱ्हायलीस तवा हीच लागली हुती ना? म्हनून रोज इचारायचो. आठवड्याला थोडं टाकायचोच, लागली म्हनलीस की जास्त. टाकलं तरी जाईना ही बया, मंग आनखी टाकायचो."

मी चावी पुढे फिरवली, गाडी सुरू झाली, दिवे गेले. तरी आप्पांची नजर तिथेच. "तरीबी टाकू की थोडं. उंद्या कामावर जायचंय तुला."

काटा अर्ध्याच्या वर होता. मी गाडी पंपावर घेतली.