सावरगावच्या झुली

सुचिता,

रात्रभर शिवत बसली होतीस, म्हणून उठवलं नाही. सावरगावच्या लेकरांच्या लाकडी बैलांच्या झुली घेऊन मी आजच निघाले. तुझा फोन गिऱ्हाइकांना माल पोचवायची आपोआप उद्याची तारीख देऊन राहिला. पण उद्या गोटमार. नदीच्या दोन्ही काठांवरून आपलं गाव अन् सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, पलीकडे जाता येत नाही. सावरगावचं माझं माहेर समोर दिसायचं, तरी त्या दिवशी मी अलीकडेच बसायची. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोनमध्ये ‘दुकान बंद’ टाकून ठेवत जा.

पुरणपोळ्या झाकून ठेवल्या आहेत, आधी खा.

आणि राजू पुन्हा म्हणाला, ‘हे तुला झेपत नाही, मशीन विकून टाक,’ तर सांग त्याला, ‘तुमची आई माझ्याकडे कामाला लागली.’

— आई