रॉकेलनं धुतलेली मोरी

संगमनेर, श्रावण १९४४

तीर्थस्वरूप रंगनाथदादांस सहादेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? बनुबाईवहिनींचा खोकला थांबला का? आम्ही जिवंत आहोत, पण बसलेल्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

तुम्ही सुचवलेलं स्थळ रविवारी तुमच्या भाचीला, पुष्पावतीला, बघून गेलं. मुलगा, गहिनीनाथ, पुण्याच्या कॉलेजात शिकवतो एवढंच तुम्ही कळवलंत. काय शिकवतो ते का नाही कळवलंत? पाहुणे येणार म्हणून तुमच्या बहिणीनं (ती कामाला लागली की कुणाची खैर नसते) घर सारवलं आणि कंट्रोलच्या दुकानातून मिळालेलं सगळं रॉकेल मोरीत ओतून भिंती घासल्या. आता आम्ही दिवस मावळायच्या आत जेवून घेतो. तर मुलगा हातपाय धुवायला गेला तो परतच येईना. पोहे निवले. शेवटी मी डोकावलो, आणि दादा, काय सांगू, कोटटोपीतला तो देखणा मुलगा मोरीत उकिडवा बसून भिंतीला भिंग लावत होता!

ओलीत राहणाऱ्या, तिळाएवढ्या, केसाळ पंखांच्या माशांचा तो अभ्यास करतो म्हणे. (आपल्याकडे रिकामटेकड्याला माशा मारतो म्हणतात, हा त्यांच्यावर पगार घेतो!) "इथल्या माशा कुठं गेल्या?" त्यानं विचारलं. तुमची बहीण अभिमानानं म्हणाली, "येक बी ठिवली न्हाई बगा!" बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

पण खरा धक्का पुढेच. आजवर कुठल्याही पाहुण्यापुढं मान वर न केलेली आमची पुष्पावती खुदकन हसली आणि म्हणाली, "रांजणामागं हुत्या. उडत न्हाईत फारशा, तुरुतुरु पळत्यात." आणि दोघं चारचौघांदेखत रांजणामागं वाकले! एक सापडली, रॉकेलात मेलेली. ती त्यानं कागदात गुंडाळून खिशात ठेवली. पुढच्या रविवारी येतो, जिवंत दाखवा, मग बोलणी करू, म्हणाला. तेव्हापासून पोरगी तांब्यानं मोरीची भिंत भिजवतेय. करीन तर हाच, असं आईला सांगून बसलीय. माझा जीव तुटतो तिच्याकडे बघून.

आपला,
सहादेव

ता. क. रॉकेलाच्या वासानं एकही माशी परतलेली नाही. आणि तुमची बहीण काल बोलून गेली, "माझ्या म्हायेरच्या मोरीत हाकलल्या तरी जात न्हाईत." तरी शनिवारच्या मोटारीनं तुमच्या श्रीगोंद्याहून पुंजाराम इकडे येतोय, त्याच्याबरोबर बाटलीभर माशा पाठवा. तोंडाला फडकं बांधा. माशी संगमनेरची की श्रीगोंद्याची, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

आणखी एक. हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नका. रागाच्या भरात त्या मोरी धुऊन काढतील.