कवळीवरची लाल खूण

दि. ११, मंगळवार सकाळ

चि. खारूताईस तुझ्या आजीकडून गालावर एक मोठा पापा आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या बाबाची कंबर परत धरलीये, तरी जड पिशव्या उचलायचं सोडत नाही. तुझी आई त्याला रोज ओरडते, म्हणजे तीही ठणठणीत आहे. मधल्या खोलीतला पंखा कुरकुरतो. मी उत्तम. चौथी पास बाईचं पत्र आहे, तेव्हा जोडाक्षरं मोजत बसू नकोस. घरात फोन असताना आजीने पत्र कशाला लिहिलं, असं म्हणशील. सांगते, जरा दमाने घे.

आधी शाबासकी. दातांची डॉक्टर झालीस गं बाई! लहानपणी पुढचे दोन दात असे मोठे होते की मी खारूताई म्हणायचे आणि तू चिडून मला चावायचीस. आता तीच पोरगी लोकांना तोंड उघडायला सांगणार. मी भाजीवाल्यालाही सांगितलं. त्याने एक लिंबू जास्त घातलं.

आणि ते पान! पुढे शिकायचा विभाग निवडताना ‘मला हाच का हवा’ असं लिहून द्यावं लागतं ना, ते तू बाबाला पाठवलंस. त्याने जेवणाच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं. “पहिली कवळी मी माझ्या आजीची केली. ती घालून आजी आरशात बघून हसली आणि म्हणाली, आता मी वाट्टेल ते खाईन. त्या दिवशी मी ठरवलं, आयुष्यभर हेच काम करायचं.” तुझ्या आईने पदरात नाक शिंकरलं. मी तर अशी फुलले! कुठल्या आजीचं कौतुक कॉलेजच्या कागदावर जातं? हसले, तोंडावर हात ठेवून हसले.

हात का ठेवला, ते लिहायलाच बसलेय खरं तर. पण पेन पुढे सरकत नाही बघ.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवणमावशीकडे गेले, मिरवायला. ती मशीनवर बाही जोडत होती. सगळं ऐकून घेतलं, पाय थांबवला आणि म्हणाली, “मग कुठाय तुझी ती कवळी?”

म्हटलं, “घरी आहे. पाण्यात.”

“कायम पाण्यातच असते की गं! मासा आहे का तो?”

मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

खारूताई, ती कवळी मी घालत नाही. वर्ष झालं. वरची जरा तरी धरते, खालची बसतच नाही, बोलताना डुगडुगते आणि डावीकडे आत अशी टोचते की डोळ्यांत पाणी येतं. बिस्कीट चहात बुडवते, सफरचंद किसून खाते, आणि तू रविवारी व्हिडिओ लावलास की “थांब हं, चष्मा शोधते” म्हणते ना, तो चष्मा नाकावरच असतो. मी आत जाऊन कवळी बसवते. फोन ठेवला की काढते. तू किती खूश असायचीस! “आजी, दात काय शोभतात तुला!” मग मीही फुशारकीने सांगायचे, काल मूठभर शेंगदाणे खाल्ले. एक दाणा नाही खाल्ला गं.

तुझ्या मोठ्या सरांनी तर विचारलं होतं. परीक्षेला बसायच्या आधी तुला ठरलेल्या कवळ्या पूर्ण करायच्या होत्या आणि माझी पहिलीच होती. सर खाली वाकून म्हणाले, “आजी, नातीकडे बघू नका. टोचतंय का कुठे?” मी नेमकं तुझ्याकडेच बघितलं. तू हातमोज्यांतली बोटं एकमेकांत अडकवून उभी होतीस. मी म्हटलं, “छे हो, लोण्यासारखी बसलीये.” त्यांनी सही केली.

का म्हटलं, तेही सांगून टाकते. तुझा बाबा सातवीत असताना त्याने शाळेत एक लाकडी स्टूल केलं. डोक्यावर घेऊन आला, घामाघूम. मी कामात होते. बसून बघितलं आणि म्हटलं, “डुगडुगतंय की रे हे.” बास. एवढंच. पोराने त्यानंतर करवतीला हात लावला नाही. आज घरात खिळा ठोकायला माणूस बोलवावा लागतो. तेव्हापासून मी ठरवलं, लेकराने केलेलं काहीही डुगडुगलं तरी तोंडातून काढायचं नाही. आणि तू नेमकी माझ्या तोंडातच बसवलीस.

शिवणमावशीला हे सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे, मायेपोटी बोललीस. ती कात्री आपटून म्हणाली, “माया कसली? मी शिकत होते तेव्हा गिऱ्हाइकाने काखेत टोचतंय म्हणून सांगितलंच नसतं, तर अजून तसंच कापत बसले असते. तुझं खोटं तुझ्या तोंडापुरतं होतं तोवर तू आणि तुझं बिस्कीट. आता पोरगी त्याच्यावर जन्म काढायला निघालीये.”

रात्रभर तेच डोक्यात होतं. आणि एक आठवलं. तू कवळीबद्दल बोलतेस तेव्हा माझ्याबद्दल बोलतेस. पण तुमच्या दवाखान्यात आलेली एक चिमुरडी तोंड उघडेना, म्हणून तिच्या बाहुलीला तू आधी खुर्चीत बसवलंस, बाहुलीचे दात मोजलेस, तेव्हा कुठे ही उघडली, ते तू मला तासभर सांगितलं होतंस. चहा गार झाला होता तुझा. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की लहान मुलांच्या दातांचा विभाग असतो ना गं? पण मनात म्हटलं, असू दे, हिने माझ्यासाठी कवळ्या निवडल्यात. किती आपमतलबी मी!

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ गोडच बोलते, म्हणून पत्र.

सोबत चष्म्याच्या डबीत खालची कवळी पाठवतेय. ओल्या कापसात गुंडाळलीये, कोरडी ठेवू नको असं तूच बजावलं होतंस. शिवणमावशी म्हणाली, आम्ही चूक असेल तिथे खडूने खूण करतो. तोंडात खडू कसा चालेल? मग तुझ्या आईची लिपस्टिक घेतली, हिरडीवर दुखतं तिथे टेकवली आणि कवळी दाबून बसवली. आतून बरोब्बर लाल डाग उमटला. प्रवासात पुसेल म्हणून मावशीने सुईने त्याच्याभोवती हलकी गोल रेघ ओढली. रागावू नकोस. तुझ्या आईला लिपस्टिकचं अजून सांगितलेलं नाही.

फॉर्मला शनिवारपर्यंत वेळ आहे ना? त्याआधी ती खूण बघ. बघून तुझे हात शिवशिवले, हे कसं चुकलं, इथे घासायला हवं असं मनात आलं, तर खुशाल कवळ्या घे. मी डावीकडून, उजवीकडून, लागेल तेवढ्यांदा टोचून घ्यायला येईन आणि दर वेळी खरं सांगेन. पण बघून नुसतं “बिचारी आजी” वाटलं, तर त्या बाहुलीवालीकडे जा. माझ्यासाठी कुठेही जाऊ नकोस.

काल तुझ्या बाबाची स्टुलाबद्दल माफी मागितली. “कुठलं स्टूल?” म्हणाला आणि पेपर उलटला. भांडी आवरून झाली तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, “तीन पायांचं करायला हवं होतं, आई. तीन पायांचं डुगडुगत नाही.”

चाळीस वर्षं झाली गं त्याला.

रविवारी व्हिडिओ लाव. चष्मा शोधायला जाणार नाही. जशी आहे तशी समोर बसेन, हात खाली ठेवून.

तुझी खोटारडी, बोळक्या तोंडाची,
आजी