आडवी फांदी

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीनं लिहून गेलंय, त्यावर जाऊ नकोस. तुझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळाल्यापासून आई दिसेल त्याला सांगत सुटलीय, आणि इथं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय.

फोटो मी भिंग लावून पाहिला. नाचण पक्ष्याचं वाटीएवढं घरटं, तीन पिल्लं, आ वासलेल्या चोची. सुरेख आहे, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्यावर आडवी आलेली ती फांदी कुठे गेली रे? तू फोटो काढायला जायच्या आदल्याच दिवशी मी पाण्याच्या टाकीमागं बसून तेच घरटं रंगवत होते. त्या फांदीनं माझा जीव खाल्ला. मधलं पिल्लू अर्धं झाकलं जात होतं, तरी मी तिचं पान न् पान काढलं. दिसेल तेवढंच काढायचं, हे तूच माझ्या डोक्यात भरवलंस. लहानपणी मी एका घरट्याला हात लावायला गेले, तेव्हा पाठीत धपाटा घालून म्हणालास, "आपण पाहुणे आहोत. बघायचं आणि निघायचं." त्या एका धपाट्यावर मी चित्रकार झाले, दादा. आजवर एका पिसालाही धक्का लावला नाही.

परवा पुन्हा गेले. फांदी झुडपाखाली पडली होती, बागेच्या कात्रीनं तिरकी, स्वच्छ कापलेली. घरटं रिकामं, एका बाजूनं उसवलेलं. एवढं उघडं पडल्यावर कावळ्यांना काय, ताट वाढून ठेवल्यासारखंच. आणि परीक्षक म्हणे तुझ्या धीराचं कौतुक करत होते! वाऱ्यानं फांदी जरा हलेपर्यंत दम निघाला नाही तुला. लाज कशी वाटली नाही?

त्यावर कहर म्हणजे आईकडून तुझा निरोप, की प्रदर्शनात तुझ्या फोटोशेजारी माझं चित्र हवं. भाऊ-बहीण, एकच घरटं, लोकांना आवडेल. चित्र न बघताच मागितलंस. वहिनीनं तर चौकटीचं मापही विचारलं. मी नाहीच म्हणणार होते, पण आता पाठवतेय. पत्रासोबतच आहे, फांदीसकट. लाव शेजारी. ती कुठे गेली असं कुणी विचारलं, तर उत्तर तू द्यायचंस. नाही दिलंस तर मी तिथंच उभी असेन. माझ्या आरडाओरड्यावरून तूच माझं नाव ठेवलंस ना? घरट्याजवळ कुणी आलं की ती ओरडते, हेही तूच सांगितलं होतंस.

अजून तरी तुझीच,
टिटवी