तिचंबी वजन लागते

बाबा, काल माझ्या पोरानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, रपट्यावरून, पुराचं पाणी चाललंय आणि एक रिकामी जीप अलगद उचलली जाते, आडवी होते, वाहून जाते. "आई, एवढी लोखंडाची जीप तरंगली कशी?" मी म्हटलं, आतून पोकळ आहे ना, तिनं जेवढं पाणी बाजूला सारलं त्याचं वजन तिच्या वजनाहून जास्त झालं, म्हणून पाण्यानं उचललं. शांतपणे सांगितलं. मग स्वयंपाकघरात येऊन भांडी अशी आदळली की घरातले धावत आले. काय सांगणार? तुमचा राग आला होता. इतक्या वर्षांनी, तुम्ही नसताना.

त्या पावसाळ्यात आई बाळंतपणात अडली होती. आसगावच्या दाईनं हात टेकले, पवनीचा दवाखाना नाल्यापलीकडे, आणि नाला फुगलेला. काठावर आपल्याखेरीज कोणी नव्हतं, दिवस बुडत होता. तुम्ही बैलबंडी थांबवून तिच्यात बांधावरचे दगड भरायला लागलात. काका ओरडले, "दादा, पागल झाला का? बंडी हलकी पायजे!"

"हलकी बंडी तरंगते. चाक जमिनीवर रायलं पायजे."

दगडांवर भाताचं तणस, तणसावर आई, तिचं डोकं मांडीवर घेतलेली मी, पाचवीतली. आई कळा दाबत म्हणाली, "पोरीले तरी उतरवा जी."

तुम्ही मागं वळूनही पाहिलं नाही. "नाही. तिचंबी वजन लागते."

वजन! पोरगी नव्हे, वजन!

मध्यावर पाणी फळ्यांतून आत येतं. एकाएकी खडखड थांबते. एका चाकानं जमीन सोडलीय, मला बुडाखाली कळतं. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात बैलांची वेसण धरून काकांवर ओरडता, "चढ वरतं, लवकर!" काका धडपडत चढतात. मी दात आवळून अंग खाली दाबते आहे, जड हो, जड हो. आणि चाक दगडावर आपटतं.

भाऊ जन्मला, आई वाचली. गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. मी मात्र त्या दिवसापासून तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तुम्हीही काहून म्हणून विचारलं नाही.

आता कळतं, त्या दगडांपुढं पाचवीतल्या पोरीचं वजन ते किती? पसाभर. ज्याला बंडीचं एवढं समजत होतं, त्याला हे समजत नव्हतं? मग त्या काठावर, चढत्या पाण्याशी, अंधारात मला एकटीला ठेववत नव्हतं तुम्हाला, आणि आईनं वाद घालू नये म्हणून तसं बोललात? की खरंच दगडांत धरलंत मला?

आई अजून आहे. तिला सगळं लख्ख आठवतं. आज सकाळीही तिच्याजवळ बसले होते, ओठावर आलं होतं, विचारलं नाही. ती "हो, वजनासाठीच" म्हणाली तर सोसेन, त्याची सवय झाली आहे. पण "पागल, तुले तिथं सोडवत नव्हतं त्यायले" असं म्हणाली, तर मी काय करू, बाबा?